फक्कीची रेघ

२०२२ च्या मार्गशीर्षातली गोष्ट. दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. सारंगखेड्यात यात्रेचे तंबू लागले होते आणि एकमुखी दत्ताच्या मंदिराकडे जाणारा रस्ता माणसांनी नि घोड्यांच्या ट्रकांनी भरून गेला होता. मी पुण्याहून सुटी काढून घरी आलो होतो आणि मळ्यात निंबाखाली बसून पुतण्याच्या डाव्या मनगटाला मीठ घातलेल्या गरम पाण्याचा शेक देत होतो. तेरा वर्षांचा मुलगा. घोडेबाजारात त्याचे सगळे मित्र गेले होते आणि हा पातेल्यात हात बुडवून गप्प बसला होता.

"काका, मी चुकीचं मारतो का?" त्याने विचारलं.

तो अगदी मी शिकवलं तसंच मारत होता. ते मला तेव्हाच माहीत होतं, पण त्याला मी म्हणालो, "जमिनीवर बसला फटका, होतं असं कधी कधी." या लिखाणात मी ज्या चुका सांगणार आहे, त्यांतली ही सर्वांत वाईट, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकली.

गोल्फ माझ्या आयुष्यात २०१३ साली आला. पुण्यात नोकरीला असताना एका वरिष्ठांनी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर नेलं आणि हातात सात नंबरचं आयर्न, म्हणजे एक प्रकारचा क्लब, गोल्फची काठी, दिलं. चेंडू अगदीच लहान, नियमाने त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. चौथा की पाचवा फटका कसा कोण जाणे नीट बसला. हाताला काहीच लागलं नाही, नुसता टक् असा आवाज झाला आणि चेंडू झाडांच्या वर गेला. त्या एका फटक्यासाठी मी पुढची नऊ वर्षं दर शनिवारी पहाटे उठलो.

नऊ वर्षं माझा चेंडू डावीकडून निघून उजवीकडे वळत राहिला. मी उजव्या हाताने खेळतो, आणि उजव्या हाताच्या हौशी खेळाडूंचा हा सार्वत्रिक आजार आहे. त्याला स्लाइस म्हणतात. यावर मी जे जे उपाय केले, त्यांतला प्रत्येक उपाय आजार वाढवणारा होता.

आधी मी डावीकडे तोंड करून उभा राहू लागलो. चेंडू उजवीकडे वळतोच आहे, तर निशाणीच्या डावीकडे मारू, म्हणजे वळून वळून झेंड्यापाशी येईल, असा हिशेब. पण जितका मी डावीकडे वळलो, तितका चेंडू अधिक उजवीकडे पळाला. खांदे डावीकडे वळले की क्लबची वाट आणखी बाहेरून आत येते, चेंडूला आडवी कापत जाते. मी माझ्याच हाताने आग वाढवत होतो.

मग मनगटं. क्लबची फळी, म्हणजे फेस, चेंडूला लागताना उघडा राहतो म्हणून चेंडू उजवीकडे जातो, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून चेंडूला लागायच्या ऐन क्षणी मनगटं फिरवून फेस बंद करायचा, हे मी घोकून ठेवलं. कधी मनगट लवकर फिरे, कधी उशिरा. एक चेंडू डाव्या झाडीत, दुसरा उजव्या झाडीत. कॅडी बिचारा दोन्हीकडे धावायचा. तो लहानपणापासून त्या मैदानावर वाढलेला, माझ्यापेक्षा कितीतरी बरा खेळणारा. एकदा तो म्हणाला, "साहेब, खाली येताना खांदा आधी येतोय." मी हो म्हटलं आणि पुढच्या फटक्याला पुन्हा मनगटंच फिरवली. ऐकायला हवं होतं. नऊ वर्षांतलं सगळ्यात खरं वाक्य ते होतं, आणि ते सांगणारा माणूस माझी पिशवी उचलत होता म्हणून मी ते कानाआड केलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

तिसरी गोष्ट मी पुस्तकातून उचलली. बेन होगन या अमेरिकन खेळाडूचं गोल्फवरचं १९५७ चं पुस्तक जगभर वाचलं जातं. त्यात एक चित्र आहे: खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली, चेंडूपर्यंत खाली उतरलेली काचेचं मोठं तावदान असावं तशी एक कललेली पातळी, आणि त्यातून फक्त त्याचं डोकं बाहेर. क्लब वर नेताना या काचेखालीच राहिला पाहिजे, काच फोडायची नाही. याला गोल्फमध्ये प्लेन म्हणतात. चित्र इतकं स्पष्ट आहे की बघणाऱ्याला वाटतं, समजलं. मलाही वाटलं. मी सुटीत सारंगखेड्याला आलो की घरातली जुनी खाट निंबाला तिरकी टेकवून ठेवायचो आणि तिच्या सुंभाला समांतर क्लब वर-खाली नेत बसायचो. घरातले वडीलधारे आप्पा ओट्यावरून बघत. त्यांनी एकदाच विचारलं, "काय करी राह्यना रे भाऊ?" मी त्यांना काच समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

होगनने त्याच पुस्तकात पुढे लिहिलं आहे की खाली येतानाची पातळी वर नेतानाच्या पातळीसारखी नसते. ती जास्त आडवी होते आणि तिचा रोखही थोडा बदलतो. मी चित्र बघितलं आणि पान उलटलं. खाटेला घासत वर गेलेला क्लब मी त्याच खाटेला घासत खाली आणायचा प्रयत्न करायचो, आणि तसं करताना उजवा खांदा पुढे यायचाच. कॅडी जे सांगत होता ते हेच.

आणि या सगळ्याच्या वर एक मोठी समजूत बसली होती. चेंडूच्या अलीकडे वीतभर आणि पलीकडे वीतभर क्लबचं डोकं झेंड्याच्या दिशेने सरळ रुळावरून गेल्यासारखं गेलं पाहिजे, असं मला वाटायचं. सरळ मारायचं तर सरळच न्यायला हवं. दुसरं काय?

हेच सगळं मी पुतण्याला शिकवलं.

२०२१ च्या पावसाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने गोल्फ खेळताना त्याने मोबाइलवर बघितला आणि मला फोन केला, "काका, हा तर पुण्याचा आहे. तुम्हीपण तिथंच खेळता ना?" दिवाळीत मी त्याच्यासाठी जुनं आयर्न दांडी कापून आणलं. मळ्याच्या कडेला एक पट्टा पेरायचा राहिला होता. तिथे काथ्याची पायपुसणी टाकली, वर चेंडू ठेवला आणि म्हटलं, मार.

पहिलाच फटका. तो मी अजून विसरलेलो नाही. त्याने कुणाला न विचारता उजवं कोपर पोटाजवळ आणलं, कंबर आधी वळली, हात मागून आले, आणि चेंडू पलीकडच्या केळीच्या वावरात जाऊन पडला. सरळ. बारा वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा क्लब हातात घेतलेला. तो सगळा खेळ त्याच्या अंगात तापीकाठी आला होता. बॅरेजमुळे नदीत पाणी अडलेलं असतं, आणि गावातली पोरं काठावरून चपटे दगड असे फेकतात की ते पाण्यावर पाच-सहा टप्पे खात जातात. दगडाला टप्पे खायला लावायचे तर हात वरून आणून चालत नाही. कोपर आधी, मनगट मागे, हात खालून आडवा. गोल्फचे शिक्षक जे शिकवायला वर्षं घालवतात ते या मुलाला आयतं आलेलं होतं.

मी काय केलं? मी खाट आणली.

दिवाळी, संक्रांत, होळी, आखाजी, जेव्हा जेव्हा घरी आलो तेव्हा त्याला काच दाखवली, रूळ दाखवला, मनगटं फिरवायला लावली. काकाला येतं, काका पुण्यात खेळतात, म्हणून तो मुकाट्याने करत गेला. मी नसतानाही करत राहिला. वर्षभरात त्याचा चेंडू माझ्यासारखाच डावीकडून निघून उजवीकडे वळू लागला. कोपर अंगापासून सुटलं, खांदा पुढे यायला लागला, आणि क्लब वरून उभा खाली येऊन चेंडूच्या आधीच जमिनीत घुसायला लागला. काळी जमीन वाळली की विटेसारखी होते. पायपुसणीच्या अलीकडे बसलेला प्रत्येक फटका डाव्या मनगटात जायचा. त्याने दोन महिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हाड शाबूत आहे, स्नायूबंधाला सूज आहे, पण हात विसाव्याला ठेवा. तो पुढे कित्येक महिने क्लबला शिवला नाही.

त्या मार्गशीर्षात मी त्याला खरं सांगू शकलो असतो. मला तेव्हा नेमकं काय चुकलं ते कळलंही नव्हतं, हे खरं आहे, पण चूक माझी होती हे कळत होतं.

पुण्याला परत गेल्यावर मी जिद्दीने कारण शोधायला लागलो. एका सरावाच्या जागी चेंडूचा आणि क्लबचा वेग, दिशा मोजणारं रडारचं यंत्र होतं. तासाचे पैसे भरून तिथे उभा राहिलो. माझ्या दहा फटक्यांचं साधारण चित्र असं निघालं: क्लबची वाट निशाणीच्या ७ अंश डावीकडे, आणि फेस २ अंश डावीकडे. मी त्या आकड्यांकडे बघत राहिलो. फेस उघडा नव्हताच! निशाणीच्या मानाने तो बंद होता, डावीकडे बघत होता. फक्त वाट त्याहून जास्त डावीकडे जात होती. चेंडू निघताना मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो, आणि फेस व वाट यांच्यात जो फरक असतो त्यामुळे तो हवेत वळतो. पूर्वी पुस्तकांतून उलट शिकवायचे, की चेंडू वाटेने निघतो आणि फेसकडे वळतो. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. म्हणून मी नऊ वर्षं फेस बंद करत राहिलो आणि जी दुरुस्त करायची ती वाट तशीच राहिली.

दुसरा हिशेब मी कागदावर केला. माझ्या क्लबचं डोकं चेंडूला भेटताना ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. चेंडू आणि फेस एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात क्लब पुढे सरकतो दोन सेंटिमीटर. माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर. वरून खाली यायलाच सगळा मिळून पाव सेकंद लागतो, आणि डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ऐन फटक्याच्या क्षणी मनगट फिरवायचं, रूळ धरायचा, काहीतरी सावरायचं, हे शरीराला शक्यच नाही. हाताला फटका जाणवतो तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. जे व्हायचं ते वर, हात वळून खाली यायला लागतात तिथेच ठरून गेलेलं असतं.

हे कळलं, पण अंगात कसं आणायचं ते कळेना. ते कळलं फेब्रुवारीत, आमच्याच शिवारात.

गाळप हंगाम चालू होता आणि आमच्या उसाला तोड आली होती. मी बांधावर उभा राहून एका बाईला ऊस तोडताना बघत होतो. ती आणि तिचा नवरा, मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. डाव्या हाताने ती ऊस धरायची, वाकायची, आणि कोयता तिरका, जमिनीला लागून बुडख्याशी यायचा. एका घावात ऊस सुटायचा. बुडखा चिरला तर खोडवा नीट फुटत नाही, म्हणून घाव तिरका आणि साफ लागतो. मी तासभर फक्त तिचं कोपर बघितलं. कोयता मागे असतानाच कोपर खाली उतरायला लागायचं, कोयत्याचं पातं मागे रेंगाळायचं आणि शेवटी आपोआप सुटायचं. खांदा कधीच पुढे झेपावला नाही. घाव बसताना तिने मनगटाने काही केलं असं एकदाही दिसलं नाही.

पुतण्या माझ्याबरोबर होता. त्याने उजव्या हाताने कोयता मागून घेतला आणि एक ऊस तोडून बघितला. जोर लावला आणि बुडखा उभा चिरला.

"दाबू नको रे बाळा," ती म्हणाली, "पडू दे त्याला."

कोयत्याचं आणि क्लबचं सगळंच एक नाही. तिथे एक हात, वाकलेली पाठ, आणि पुढे शे-दोनशे मीटर जायचं काही नसतं. दिवसभर अशी पाठ वाकवून उभं राहणं काय असतं ते मी बांधावरून बघून सांगू शकत नाही, आणि तिच्या कष्टाला माझ्या छंदाचा धडा म्हणून वापरताना मला संकोचही वाटतो. पण कॅडीने सांगितलेलं आणि मी न ऐकलेलं, ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

संध्याकाळी मळ्यात आलो. खाट निंबाला टेकलेली होती, आणि तिच्या शेजारी बैलगाडीचं एक जुनं चाक, तेही तिरकं टेकलेलं. ते तिथे माझ्या लहानपणापासून आहे. मी पुतण्याला बोलावून म्हटलं, "हे बघ, ही क्लबची खरी वाट." चाकाची धाव जमिनीला फक्त एका ठिकाणी टेकते. त्या ठिकाणापासून डावीकडे जा की उजवीकडे, धाव वर उठते आणि झाडाकडे, म्हणजे खेळणाऱ्याच्या अंगाकडे, आत येते. सरळ भाग चाकाला कुठेच नसतो. क्लब पातळीत राहिला तर तो असाच आतून येणार, चेंडूला भेटणार आणि पुन्हा आत जाणार. मी वीतभर सरळ रूळ मागत होतो, म्हणजे चाकाला सपाट करायला बघत होतो. क्लब सरळ नेण्याच्या नादात तो चाकातून बाहेर फेकला जायचा आणि मग आडवा कापत यायचा.

त्याने चाकावर हात फिरवला. मग म्हणाला, "मग खाट?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. की खाट चुकीची होती, रूळ चुकीचा होता, मनगटं फिरवायला लावलं ते चुकीचं होतं. की दिवाळीत त्याने पहिला मारलेला फटका बरोबर होता आणि तो मी बिघडवला. की मनगट दुखलं ते माझ्यामुळे, आणि त्या दिवशी विचारलंस तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. तो काही बोलला नाही. चाकाची धाव बोटाने घासत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटायचं मला जमतच नाही."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मनगट बरं झाल्यावरही बरेच महिने मी त्याला क्लब दिला नाही. आम्ही तापीवर जायचो आणि दगड फेकायचो. फक्त दगड. पहिले काही दिवस त्याचे दगड एक टप्पा खाऊन बुडायचे. माझा खांदा त्याच्या अंगात इतका शिरला होता. मे महिन्यात पुन्हा पाच टप्पे यायला लागले. तोवर मीही शिकत होतो, माझा दगड तीनच्या वर गेला नाही.

क्लब हातात दिला तो पावसाळ्यानंतर, जमिनीत ओल असताना. शाळेच्या कबड्डीच्या मैदानावर आखायला असते तशी फक्की त्याने आणली आणि वावरात दोन हात लांब रेघ मारली. चेंडू नाही. क्लब फिरवायचा, जमिनीला लागू द्यायचा, आणि माती कुठून उडाली ते बघायचं. आयर्नने चेंडू आधी आणि जमीन नंतर लागायला हवी, म्हणजे चाकाचा तळ चेंडूच्या किंचित पुढे. चांगल्या खेळाडूचा तो तीन-चार इंच पुढे असतो. रेघेच्या अलीकडची माती उडाली की समजायचं, खांदा आला किंवा सावरायला गेलो. रेघेला जाणूनबुजून गाठायचं नाही, रेघ फक्त नंतर बघायची. हा नियम त्याने केला, मी नाही.

पहिल्या दिवशी त्याचे दहापैकी चार रेघेच्या पुढे. माझे दोन. तो एका फळीवर कोळशाने मांडत गेला, त्याचा एक रकाना, माझा एक. दिवाळीपर्यंत तो आठवर आला.

गेल्या दत्तजयंतीला मी पुन्हा घरी होतो. सकाळी यात्रेत जाऊन दर्शन घेतलं, घोडेबाजारात तासभर फिरलो आणि दुपारी मळ्यात आलो. त्याने रेघ मारून ठेवली होती आणि यावेळी रेघेवर चेंडूही ठेवले होते. पहिला त्याने मारला. चेंडू केळीकडे गेला. आम्ही दोघं वाकून बघितलं, माती रेघेपासून सुरू झालेली आणि चार बोटं पुढेपर्यंत गेलेली. रेघ तशीच पांढरी होती.

"आता तुम्ही," तो म्हणाला आणि कोळसा घेऊन फळीपाशी बसला.

दहापैकी माझे पहिले सहा पुढे बसले. सातव्याला उजवा खांदा पुन्हा आला, मला मारतानाच कळलं, आणि माती रेघेच्या अलीकडे दोन बोटं उडाली. त्याने फळीवर मांडलं आणि पुढचा चेंडू ठेवला.